जोर कमी, विचारपूस जास्त

प्रिय बाळा,

परवा फोनवर म्हणालास की मसाज करताना क्लायंट सारखे "अजून जोरात, अजून जोरात" करतात आणि संध्याकाळपर्यंत तुझे अंगठे कामातून जातात. तेव्हा तू घाईत होतास म्हणून आता लिहितेय, लांबणार आहे हे आधीच सांगते, निवांत असशील तेव्हा वाच.

आधी जोराचंच घेऊ. पाठीत बोटाला जी गाठ लागते ती आपण "फोडतो" असं लोकांना वाटतं, आपल्यातल्याही बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं काही होत नाही रे. स्नायूवरचं ते आवरण, फॅशिया, इतकं चिवट असतं की हाताने ताणून किंवा वितळवून त्याचा आकार बदलणं जवळपास अशक्य. आराम पडतो तो मुख्यतः मज्जासंस्थेमुळे, म्हणजे तुझा हात धोक्याचा नाही हे शरीराला पटलं की ते स्वतःच पकड सैल करतं आणि दुखणं काही काळ तरी कमी जाणवतं. म्हणून सोसवणार नाही इतकं दाबलंस तर उलटंच होतं, माणूस श्वास रोखतो, पायाची बोटं आखडतात, मुठी वळतात, आणि तोंडाने मात्र "चालेल चालेल" म्हणत राहतो. तोंडावर जाऊ नको, श्वासाकडे बघ. सोपं म्हणजे दाब किती लागतोय त्याचा शून्य ते दहा मध्ये आकडा विचारत जा, पाच-सहाच्या वर गेला की कमी कर, मग तो कितीही पहिलवान असो. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकलं तर ठीक आहे, काळेनिळे डाग पडले तर नाही.

अंगठे वाचव. या धंद्यात लोक गुणाअभावी नाही, अंगठे आणि मनगटं गेल्यामुळे बाहेर पडतात. रुंद भागावर कोपराखालचा हात वापर, एक पाय पुढे ठेवून शरीराचं वजन टेकव, दंडाने ढकलू नको, आणि टेबल उंच असेल तर रोज उगाच खांदे वर करून काम करशील ते वेगळंच, दोन मिनिटं घालवून टेबल खाली घे. मानेच्या पुढच्या बाजूला आणि गुडघ्यामागच्या खळगीत कोपर अजिबात नाही, तिथे रक्तवाहिन्या आणि नसा अगदी वरच असतात.

आता माझ्या मते खरं काम, जे हात लावायच्या आधीच असतं. कुठे दुखतं एवढ्यावर थांबू नको. कधीपासून, कशाने वाढतं, रात्री झोपेतून उठवतं का, गोळ्या कुठल्या, ऑपरेशन झालंय का. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर खोल दाब नको. ताप, त्वचेचा संसर्ग, ताजं फ्रॅक्चर असेल तर दुसरी तारीख दे. आणि एकाच पायाची पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय असं कोणी आलं तर हातच लावू नको, आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठव. कंबरदुखीसोबत जांघेत बधिरपणा किंवा लघवीवर ताबा नाही असं म्हणाला तर थेट हॉस्पिटल. कॅन्सर ऐकून मात्र लगेच नाही म्हणू नको, त्यांच्या डॉक्टरांना विचारून हलक्या हाताने करता येतं, आणि त्या लोकांना आधीच सगळे घाबरून लांब राहतात.

दुखतं तिथेच कारण असेल असंही नाही. जॅनेट ट्रॅव्हेल, त्या केनेडींच्या व्हाइट हाउसमधल्या डॉक्टर, त्यांनी डेव्हिड सायमन्ससोबत 1983 मध्ये ट्रिगर पॉइंटवर, म्हणजे दाबल्यावर दुसरीकडेही दुखणं पोचवणाऱ्या स्नायूतल्या दुखऱ्या जागांवर, जाडजूड ग्रंथ काढला, त्यातले नकाशे एकदा तरी बघ. खांद्याच्या वरच्या स्नायूतलं दुखणं कानशिलापर्यंत जातं ते तिथे दिसेल. ट्रिगर पॉइंट म्हणजे नेमकं काय यावर आजही वाद चालू आहेत, तरी नकाशे उपयोगी आहेत. (परीक्षेत ते इफ्ल्युराज, पेट्रिसाज पाठ केलंस ना, म्हणजे हात फिरवणं, मळणं या मसाजच्या पद्धती, ती नावं लोक स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांच्या नावावर खपवतात, पण रूढ केली ती हॉलंडच्या डॉक्टर मेझगरने असं मानतात. असो.)

क्लायंटला "टॉक्सिन निघतात, लॅक्टिक ॲसिड निघतं" असलं काही सांगू नको. व्यायामानंतर वाढलेलं लॅक्टिक ॲसिड तासा-दीड तासात शरीर आपलं आपणच संपवतं, दुसऱ्या दिवशीचं अंगदुखणं त्याने नसतंच. खरं सांगितलं तरी लोक येतात.

चादरीचं तर तुला शिकवलंच असेल, जेवढ्या भागावर काम तेवढाच उघडा, आणि पोट किंवा कुल्ल्याजवळ जायच्या आधी प्रत्येक वेळी विचार, मागच्या वेळी हो म्हणाले होते ते आज धरायचं नाही. तुझ्याशी कोणी वेडंवाकडं बोललं तर सेशन तिथेच थांबव, पैशाचा विचार नंतर.

सेशन झाल्यावर दोन ओळी लिहून ठेव, काय केलं आणि उठल्यावर मान किती वळली. तीन-चार वेळा येऊनही काडीचा फरक नाही पडला तर अजून बोलावत राहू नको, फिजिओकडे किंवा डॉक्टरकडे पाठव. दहा सेशनचं पॅकेज गळ्यात मारायला वरून सांगतात म्हणालास, त्याबद्दल मला बरंच बोलायचंय पण ते असं लिहून नाही, रविवारी फोन कर.

तुझी आई