घट आणि पात्याच्या टोकावरचा थेंब

रेजायना, कॅनडा

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

यंदा घट तुझ्या हातचा बसणार, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. माती वावरातलीच घे, पण नुसती काळी नको. आपली तापीकाठची माती पाणी प्यायली की फुगते, चिकटते, आत हवा राहत नाही आणि दाणे कुजतात. तीन वाट्या चाळलेल्या मातीत एक वाटी वाळू आणि एक वाटी जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळ. टोपली बांबूची, तिच्यात पत्रावळ. प्लॅस्टिकच्या ताटात पाणी तुंबतं.

गहू, ज्वारी, बाजरी, हरभरा, मूग, उडीद, तूर हे सात दाणे घरातल्या कोठीतले घे. पेरणीचं रंगीत औषध लावलेलं बियाणं अजिबात वापरू नकोस. ते विष असतं, आणि दसऱ्याला हेच धान आपण कानावर, टोपीत खोचतो. आठवडाभर आधी प्रत्येकाचे दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून बघ. आठांना तरी मोड आले पाहिजेत. सर्वपित्रीच्या रात्री भिजत घाल आणि सकाळी निथळून पेर. हरभरा, तूर बोटाच्या एका पेराएवढे खोल, गहू त्याच्या निम्मा, बाजरी अगदी वर, चिमूटभर मातीखाली. पाणी ओतायचं नाही, दोन वेळा हाताने शिंपडायचं. मधला मातीचा घटही पाझरतो, त्याचा अंदाज ठेव. पांढरी बुरशी दिसली तर एक दिवस पाणी बंद ठेव आणि खिडकी उघड.

धान पिवळं आलं म्हणून घाबरू नकोस. देवघरात उजेड कमी, म्हणून हिरवा रंग धरत नाही, उजेड शोधत लांब वाढतं. दिवा मात्र जवळ ठेवू नकोस, शेंडे करपतात.

आता माझ्या मनातलं. दाणा उलटा पडो, आडवा पडो, मूळ खालीच जातं आणि कोंब वरच येतो. मुळाच्या टोकाशी पिष्टाचे बारीक कण असतात, ते खाली बसतात, म्हणून मुळाला दिशा कळते. हे कारण कळल्यापासून माझे हात जास्तच जोडले जातात. मूग आपल्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन वर येतो, हरभरा त्या मातीतच ठेवतो. कोणी शिकवलं त्यांना?

गव्हाची पाती वर आली की पहाटे, पूजेआधी, जवळ जाऊन बघ. माती ओली असली तर एकेका पात्याच्या टोकावर एक थेंब असतो. ते दव नव्हे, बंद घरात दव कुठून पडणार? रात्रभर मुळांनी ओढलेलं पाणी पात्याच्या टोकातून बाहेर येतं. त्यात दिव्याची ज्योत दिसते. तेव्हा आरतीची घाई करू नकोस. तिथेच बस, जगदंबेचे आभार मान.

इथेही ऑक्टोबरचा दुसरा सोमवार पिकासाठी देवाचे आभार मानायचा. १९५७ साली इथल्या सरकारने तो दिवस ठरवला. याच मुलखात मसूर पिकतो, आणि तो आपल्या देशातही येतो. तेव्हा मसुराची आमटी केलीस तर इथल्या मातीलाही एक नमस्कार कर.

दसऱ्याला पहिली जुडी देवीला, दुसरी बैलांना, तिसरी वावराच्या बांधावर. उरलेली माती तुळशीत घाल.

तुझी,
आई