अरिदाच्या डोंगरावरून, आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,

सादर नमस्कार. फोनवर आईचं "जेवलीस का" आणि बाबांचं "तिथला बगीचा कसा आहे" यातच रेंज संपते, म्हणून आज जपानमधल्या अरिदाच्या या शेतकऱ्याच्या घरातून नीट बसून लिहितेय.

आधी आईचं. खाण्याची काळजी अजिबात करू नकोस. इथे डाळ-भाजी म्हणा, सूप म्हणा, सगळ्याला दाशी नावाचं एक पाणी लागतं आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचं असतं. मी मासे खात नाही हे कळल्यावर ओकासान, म्हणजे या घरातली आई, रात्रीच कोम्बू म्हणून समुद्रातलं शेवाळ असतं ते आणि वाळलेले शिताके मशरूम पाण्यात भिजत घालायला लागल्या, माझ्या एकटीसाठी वेगळं पातेलं. कोयासान याच वाकायामा जिल्ह्यात आहे, कोबो दाइशी या बौद्ध भिक्षूंनी ८१६ मध्ये सुरू केलेलं मठांचं ठिकाण, तिथे आजही बिनमांस-मासळीचंच जेवण असतं. त्यामुळे इथल्या लोकांना आपलं खाणं विचित्र वाटत नाही. तिळाचं गोमादोफू तर मला इतकं आवडलंय की आल्यावर तुला करून घालणार.

आता बोलण्याचं. पुण्यातल्या जपानीच्या क्लासमध्ये व्याकरण झालं होतं आणि ते आपल्याला सोपंच जातं, क्रियापद शेवटी, 'ला, ने, त' सारखे तुकडे शब्दाच्या मागे. पण घरात माणसं बोलतात कशी ते घरात राहूनच कळतं. समोरचा बोलत असताना गप्प ऐकायचं नाही, दर अर्ध्या वाक्याला "हं", "हो का", "खरंच?" असं काहीतरी म्हणत राहायचं, नाहीतर त्याला वाटतं हिचं लक्षच नाही. या घरातले आजोबा तर माझा हुंकार आला नाही की थांबूनच जातात. ते बोलतात ते पक्कं इथलं, 'झेनझेन'चं, म्हणजे 'अजिबात'चं, 'देनदेन' करतात, आणि पुस्तकातली ती लांबलचक आदरार्थी रूपं फारशी वापरतच नाहीत. मला ते खूप जवळचं वाटतं, आपल्याकडचे वऱ्हाडी म्हातारे असेच सरळ बोलतात ना.

एका गोष्टीने मात्र मी बरेच दिवस विचारात पडले होते. घरात मुलगी वडिलांना ओतोसान म्हणते, पण बाहेरच्या माणसाशी बोलताना ते नुसते 'चिचि' होतात आणि क्रियापदही खालचं लागतं. फळं विकणाऱ्या सोसायटीतून फोन आला तर "वडील शेतात आहे" अशा थाटाचं बोलायचं, कारण आपल्या माणसाला परक्यासमोर मोठं करायचं नसतं, मोठं करायचं ते समोरच्याच्या घरच्यांना. म्हणजे माझ्याबद्दल विचारताना ते तुम्हाला ओतोसान-ओकासान म्हणतात आणि मी मात्र तुम्हाला चिचि-हाहा म्हणायचं! मी म्हणते, नियम आहे तर पाळतेच, पण मनातून मला आपलंच बरं वाटतं, "बाबा आलेत" जगात कुणासमोरही म्हणता येतं. आणि आई, ऐक ना, ओकासानसुद्धा नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत, मुलीच्या नात्याने त्याही ओतोसानच म्हणतात. आजी नाही का "बाळूचे बाबा" म्हणायची, अगदी तसंच.

पहिल्या दिवशी अंघोळीला सगळ्यांच्या आधी मला पाठवलं. टबातलं गरम पाणी सगळ्या घराला एकच, त्यामुळे बाहेर स्टुलावर बसून आधी साबणाने स्वच्छ व्हायचं आणि मगच आत बसायचं. पाहुणा पहिला. आजोबांच्याही आधी जायला मला संकोच वाटत होता पण ते ऐकेचनात.

बाबा, आता तुमचं. सध्या संत्र्यांची तोडणी जोरात आहे. बगीचे आपल्या वरूडसारखे सपाट नाहीत, सगळे समुद्राकडे तोंड करून उभ्या डोंगरावर, दगडी बांधांच्या पायऱ्या रचून. आजोबा म्हणतात दगड दिवसभर तापतात, पाणी साचत नाही, म्हणून गोडी येते. क्रेट खाली आणायला एका रुळावर चालणारी इंजिनाची छोटी गाडी असते. कलमाचा खुंट जंभेरीचा नाही, काराताची म्हणून काटेरी संत्रावर्गातलंच झाड आहे त्याचा. उन्हाळ्यात साधारण २५ पानांमागे एक फळ ठेवून बाकीची हिरवी असतानाच खुडून टाकतात, हे ऐकून तुमच्या पोटात गोळा येईल मला माहितीय. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते म्हणून आपण खूश, इथे साल सुटली की त्याला उकिकावा म्हणतात, तो दोषच, भाव पडतो. आणि तोडताना कात्री दोनदा चालवायची, आधी देठ ठेवून, मग फळाला अगदी लागून, कारण उरलेला देठ क्रेटमध्ये शेजारच्या फळाला टोचतो आणि ते सडतं. हातानेच पिळून तोडणाऱ्या आपल्या मजुरांना हे करायला लावता येईल का, किती खर्च वाढेल, मला खरंच सांगा, मला वाटतं व्यापाऱ्याशी भाव करताना फरक पडेल.

भूकंपाची भीती तुम्ही बोलून दाखवत नाही पण मला कळते. शेजारच्या हिरोगावात १८५४ च्या त्सुनामीत हामागुची गोर्यो नावाच्या गृहस्थांनी भाताच्या गंजी पेटवून लोकांना अंधारात वर जायची वाट दाखवली, नंतर स्वतःच्या पैशाने बांध घातला, तो अजून उभा आहे. इथे लहान मुलांनाही कुठल्या वाटेने वर पळायचं ते पाठ आहे, मलाही चालवून दाखवलंय, आणि माझी पिशवी दाराशीच भरलेली असते.

रविवारी दुपारी चारला व्हिडिओ कॉल लावते, इथे साडेसात वाजलेले असतील. आजोबांना आंबिया आणि मृग असे संत्र्याचे दोन बहार कसे घेतात ते विचारायचंय, तेव्हा बाबा घरीच राहा, जमलं तर बगीच्यातून बोला. मी मध्ये बसून सांगेन. आणि ते बोलत असताना तुम्ही "हो, हो" करत राहा, थांबू नका.

आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते लपवू नका.

तुमची,
छकुली