सिकलसेलच्या नव्या उपचारात बिघडलेल्या जनुकाला हात लावत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील सिकलसेलच्या जनुक-उपचारावरचा लेख वाचला. त्यात ‘बिघडलेले जनुक कापून निरोगी जनुक बसवतात’ असे छापले आहे. कॅसजेव्ही या उपचारात तसे काही होत नाही. सिकलसेलला कारण असलेली बीटा ग्लोबिन जनुकातली एका अक्षराची चूक ११व्या गुणसूत्रावर आहे तशीच राहते. डीएनए कापणारी कात्री चालते ती २ऱ्या गुणसूत्रावर, बीसीएल११ए या जनुकाच्या पोटातल्या अशा तुकड्यावर, ज्यात प्रथिनाची कृती लिहिलेलीच नाही. बीसीएल११ए जन्मानंतर गर्भातले हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, दाबून टाकते. लाल पेशींपुरते त्याचे तोंड बंद केले की एचबीएफ पुन्हा वाढते आणि रुग्ण सावरतो.

मी ठाण्यात एका लॅबमध्ये एचपीएलसीच्या, म्हणजे रक्तातली हिमोग्लोबिने वेगळी करून मोजणाऱ्या मशीनवर काम करते. डहाणू-जव्हारकडून आलेले नमुने रोज हाताखालून जातात. दोन सख्खी भावंडे, दोघांचेही एचबीएस, म्हणजे सिकलसेलचे बिघडलेले हिमोग्लोबिन, सत्तर टक्क्यांच्या वर. पण एकाचे एचबीएफ विशीच्या घरात आणि दुसऱ्याचे पाच-सहा. पहिला शाळेत जातो, दुसऱ्याचे दुखणे पावसाळा लागला की डोके वर काढते. दोघांच्या बीटा ग्लोबिनमधली चूक मात्र अक्षरशः एकच. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत एचबीएफ जास्त असते, आणि त्याच्याशी जोडलेला एक बदल एचबीएफ घडवणाऱ्या गामा ग्लोबिन जनुकाच्या १५८ अक्षरे अलीकडे, जनुकाच्या बाहेर सापडतो. जनुक कधी, कुठे आणि किती चालवायचे हे ठरवणारे असे भाग आपल्या ३०० कोटी अक्षरांत पसरलेले आहेत. प्रथिनांची कृती जेमतेम दीड-दोन टक्क्यांत आटोपते.

नियमनाचे हे तुकडे शोधायचे कसे, हा भाग आपल्या लेखात एका ओळीनेही आला नाही आणि खरी गंमत तिथेच आहे. डीएनए पेशीत हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. नियमनाचे काम चालू असते तिथे तो सैल असतो. २०१३ साली स्टॅनफर्डमधून आलेल्या अ‍ॅटॅक-सीक पद्धतीत टीएन५ नावाचे विकर पेशीकेंद्रात सोडतात. ते सैल जागी शिरते, कापते आणि टोकांना ओळखीचा तुकडा चिकटवते. ते तुकडे सिक्वेन्स करून, म्हणजे त्यांची अक्षरे वाचून, मानवी जीनोमवर (आपल्या संपूर्ण डीएनएवर) जुळवले की काही ठिकाणी रीड्सचा, म्हणजे वाचलेल्या तुकड्यांचा, ढीग लागतो. त्यालाच पीक (शिखर) म्हणतात. त्याच वर्षी डीएनेज विकराच्या अशाच पद्धतीतून बीसीएल११एच्या सुरुवातीपासून ५५, ५८ आणि ६२ हजार अक्षरांवर तीन सैल जागा दिसल्या. त्या होत्या लाल पेशींच्या पूर्वजांत; बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये नाहीत. म्हणूनच तिथे कापले तर बाकीच्या पेशींत या जनुकाचे काम चालूच राहते. आज उपचारात ५८ हजाराजवळची जागा कापतात.

माझा भाचा नवी मुंबईत एमएस्सी करतो. अशा माहितीचे विश्लेषण शिकायला त्याने एका खासगी क्लासला भरपूर फी भरली. सर्टिफिकेट मिळाले, पण शिकवले काय, तर कोणत्या बटणानंतर कोणते दाबायचे. मी त्याला विचारले, एवढे रीड्स मायटोकॉन्ड्रियातून, पेशीच्या ऊर्जाकेंद्रांतून, का आले? त्याला सांगता येईना. (तिथला डीएनए हिस्टोनभोवती गुंडाळलेला नसतो, टीएन५ला मोकळे रान मिळते.) पीक आला म्हणजे एन्हान्सर, म्हणजे जनुक चालवणारा तुकडा, सापडला, आणि शेजारचे जनुक तेच त्याचे, असेही त्याला शिकवले होते. ‘एसएचएच’ या जनुकाला हातापायांच्या बोटांच्या वेळी चालवणारा तुकडा त्याच्यापासून सुमारे १० लाख अक्षरांवर, भलत्याच जनुकाच्या पोटात आहे. तिथे एक अक्षर बदलले तरी अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येऊ शकते. जवळचे जनुक पाहून निकाल देणाऱ्याला ते जन्मात सापडले नसते.

फी भरायची गरजच नाही. नियमनाचे असे भाग नोंदवणाऱ्या, २००३ मध्ये सुरू झालेल्या एन्कोड प्रकल्पाची माहिती सर्वांना खुली आहे. गॅलॅक्सी या मोफत व्यवस्थेत आकडेमोड दूरच्या सर्व्हरवर होते. घरचा जुना लॅपटॉप चालतो, फाइलही उतरवून घ्यावी लागत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतल्या ज्या महाविद्यालयांत जीवशास्त्र आहे तिथे सहसा कॉम्प्युटर लॅबही असते. टीवायच्या मुलांना बीसीएल११एची जागा लाल पेशींत आणि लिम्फोसाइटमध्ये शेजारी-शेजारी उघडून दाखवणे एका प्रॅक्टिकलचे काम आहे. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट कशाला पाहायची?

या चुकीबद्दल खुलासा लवकर छापावा आणि त्यात किंमतही द्यावी. ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्यता मिळालेल्या या उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. आधी केमोथेरपी घ्यावी लागते ती वेगळीच. आपल्या लेखाचे कात्रण घेऊन पालक आमच्या काउंटरवर येतात आणि ‘हे जनुक बदलून कुठे मिळेल’ असे विचारतात.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, कळवा (ठाणे)