शिकवण्याची वर्षेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या क्रिकेटपटूंवरचे लेख मी आवडीने वाचतो. पण विद्यापीठाकडून खेळून पुढे शाळेत शिक्षक झालेल्या खेळाडूचे आयुष्य 'नंतर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला' एवढ्यावर आटोपते, याचे फार वाईट वाटते.

इंग्लंडचे जॉन ड्यूज आणि ह्यूबर्ट डॉगर्ट यांचेच पाहा. मे १९४९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाकडून खेळताना या दोघांनी एसेक्सविरुद्ध दुसऱ्या विकेटसाठी ४२९ धावांची अखंड भागीदारी केली. तेव्हाचा विश्वविक्रम ४५५ चा, आपल्या भाऊसाहेब निंबाळकर आणि के. व्ही. भांडारकर यांनी पाचच महिने आधी पुण्यात रचलेला. केंब्रिजने डाव घोषित केला आणि तो विक्रम वाचला. ड्यूज पुढे पाच कसोट्या खेळले, डॉगर्ट दोन. ड्यूज यांचे पदार्पण तर १९४८ च्या ओव्हल कसोटीतले, ऑस्ट्रेलियाचे महान फलंदाज ब्रॅडमन आपल्या शेवटच्या कसोटी डावात शून्यावर बाद झाले तीच! हे सगळे छापून येते.

पण डॉगर्ट आपल्याच जुन्या शाळेत, विंचेस्टरला, शिकवायला गेले आणि १९७२ ते १९८५ ब्रूटनच्या किंग्ज स्कूलचे मुख्याध्यापक होते. ड्यूज यांनी टनब्रिज, रग्बी, डलिच या इंग्लंडमधल्या शाळांत शिकवले. मधली काही वर्षे ते सिडनीच्या बार्कर कॉलेज या शाळेचे मुख्याध्यापक होते. हे कुणी सांगत नाही.

यांनी 'क्रिकेट सोडले' असे लिहिणे मला अन्यायाचे वाटते. १९६२ पर्यंत इंग्लंडमध्ये हौशी खेळाडूला खेळण्याचे मानधन नसे. पोटासाठी नोकरी करावीच लागे, आणि शाळेच्या नोकरीत उन्हाळी सुटी मिळे. डेनिस सिल्क यांनी केंब्रिजकडून १९५३ आणि १९५४ मध्ये लॉर्ड्सवर ऑक्सफर्डविरुद्ध शतके ठोकली. मार्लबरोच्या शाळेत शिक्षक झाल्यावर ते सुट्टीत सॉमरसेट कौंटीकडून खेळत. पुढे रॅडली कॉलेज या शाळेचे प्रमुखपद त्यांनी २३ वर्षे सांभाळले, आणि त्यानंतर लॉर्ड्सच्या एमसीसी (मेरिलबोन क्रिकेट क्लब) या क्लबचे अध्यक्षही झाले. यात क्रिकेट सुटले कुठे?

धावा स्कोअरबुकात आयत्या मिळतात, विद्यार्थी मात्र शोधावे लागतात, हे मान्य. तरी विनंती अशी, की पुढच्या वेळी अशा खेळाडूवर लिहिताना त्यांच्या दोन-चार माजी विद्यार्थ्यांशी जरूर बोलावे. सर वर्गात काय शिकवत, नेटमध्ये कुणाला किती वेळ देत, संघात न निवडलेल्या मुलाशी कसे बोलत, हे त्यांच्याकडूनच कळेल. त्यासाठी धावांच्या तक्त्याची जागा कमी करावी लागली तरी चालेल.

आपला,
एक क्रिकेटप्रेमी वाचक