सोनं शोधायच्या डिटेक्टरबाबत तक्रार व पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

टार्नीट, मेलबर्न
दिनांक : २१ जुलै

प्रति,
व्यवस्थापक महोदय,
ग्राहक सेवा विभाग

स. न. वि. वि.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी तुमच्या दुकानातून १,४४९ डॉलरला एक मेटल डिटेक्टर घेतला आणि तुमच्याच माणसाच्या सांगण्यावरून २८९ डॉलरची मोठी कॉइलही, म्हणजे जमिनीवरून फिरवायची तबकडी, घेतली. ज्या कामासाठी हे मशीन घेतलं, ते काम त्याच्याने होत नाही. हे मी तुम्हाला तीन वेळा मेलने कळवलं. पहिल्या दोन मेलना शब्दन् शब्द तेच छापील उत्तर आलं. तिसऱ्या मेलला ‘तुमचा सराव कमी पडतोय’ असं उत्तर मिळालं. हे पत्र मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे, कारण हा व्यवहार मराठीत झाला होता. पाडव्याच्या कार्यक्रमात तुमचा स्टॉल होता, तिथे तुमचे विक्रेते माझ्याशी अर्धा तास मराठीत बोलले. त्या बोलण्यावर विश्वास ठेवून मी पैसे मोजले.

हे मशीन मी कुणासाठी घेतलं हे आधी सांगते, कारण स्टॉलवरही मी तेच आधी सांगितलं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. आमच्या भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यासाठी देशभर गेली, तसे आण्णा सोळाव्या वर्षी कोईमतूरला गेले. पन्नास वर्षं त्यांनी मोडीचं सोनं मुशीत घालून गाळलं. भट्टीच्या धगीने आणि तेजाबाच्या वाफेने त्यांच्या बोटांची कातडी अजून गुळगुळीत आहे, फोनला अंगठ्याचा ठसा लागत नाही. हातातून इतकं सोनं गेलं, पण ते जमिनीतून निघताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. इथे व्हिक्टोरियात झाडाखाली, मातीत सोनं सापडतं हे मी फोनवर सांगितल्यापासून त्यांच्या डोक्यात तेवढंच होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तीन महिन्यांचा व्हिसा काढून ते आले, त्याचं मुख्य कारण हेच.

म्हणून मी स्टॉलवर विचारलं की डनॉली, वेडरबर्न या व्हिक्टोरियातल्या सोन्याच्या भागातल्या लाल मातीत हे मशीन चालेल का. ‘बिनधास्त चालेल’ असं उत्तर मिळालं. घरी आल्यावर तोच प्रश्न मी गावांच्या नावांसकट मेलने विचारला. ‘त्या भागासाठी उत्तम’ असं लेखी उत्तर तुमच्याकडून आलं आणि त्यानंतरच मी खरेदी केली. दुकानात तुमच्या विक्रेत्यांनी माझ्याच बोटातली अंगठी लाकडी टेबलावर ठेवून वरून कॉइल फिरवली, मशीन खणखणीत वाजलं. त्या वेळी मला ते पुरेसं वाटलं. आता कळतं की ती परीक्षा खरी नव्हती. अंगठी म्हणजे बंद कडं, ती कुठल्याही मशीनवर जोरात वाजते. जमिनीतला सोन्याचा खडा ओबडधोबड असतो आणि त्याच्याभोवती लोहखनिजाने भरलेली माती असते. टेबलावर माती नव्हती.

बाकीची तयारी आम्ही नियमाने केली. मायनर्स राइट हा सोनं शोधायचा परवाना मी माझा आणि आण्णांचा, दोघांचाही वेगवेगळा काढला. तुमच्या पत्रकात परवान्याचा उल्लेखही नाही, हीसुद्धा माझी तक्रार समजा. नवखा माणूस ते पत्रक वाचून राष्ट्रीय उद्यानात किंवा कुणाच्या खासगी शेतात कुदळ घेऊन शिरला तर दंड त्यालाच भरावा लागेल. १८५४ साली बॅलरॅटच्या युरेकात खाणकामगारांनी जाचक लायसनविरुद्ध जीव दिले, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी हा परवाना आला. आण्णांनी हे ऐकलं आणि स्वतःच्या नावाचा तो कागद घडी न घालता पुठ्ठ्यात ठेवला.

मे आणि जून महिन्यांत आम्ही चार वेळा गेलो. दर वेळी जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या वर. पहिल्यांदा मोलियागुलला. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना तिथे ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा सोन्याचा प्रचंड खडा सापडला. जमिनीखाली जेमतेम तीन सेंटिमीटरवर, आणि त्यातून निघालेलं शुद्ध सोनं ७२ किलो. डनॉलीत तेवढा मोठा तराजू नव्हता म्हणून तो ऐरणीवर फोडून वजन करावा लागला. त्या जागेजवळच्या स्मारकाच्या दगडावर आण्णा बराच वेळ हात ठेवून उभे होते. ‘ऐरणीवर फोडला’ हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं.

मग मशीन चालू केलं आणि ते थांबेचना. कॉइल जमिनीला लागली की किंचाळायचं, उचलली की किंचाळायचं, बुटाला घासली तरी किंचाळायचं. तुमच्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे ग्राउंड बॅलन्स केला, म्हणजे मशीन तिथल्या मातीशी जुळवून घेतलं. कॉइल वर-खाली पंपासारखी हलवून दर दहा मिनिटांनी पुन्हा पुन्हा केला. सेन्सिटिव्हिटी निम्म्याच्या खाली आणली. फोन बंद करून गाडीत ठेवला. विजेच्या तारांपासून लांब गेलो. लोखंडी टोकाचे बूट घातले नव्हते. तुमची मोठी कॉइल लावली तर ती जास्तच गोंगाट करायला लागली, कारण ती एका वेळी जास्त माती ऐकते. आयर्नबार्कच्या झाडांखाली गुडघे टेकून आम्ही पहिल्या दिवशी सदतीस खड्डे खणले आणि सगळे परत बुजवले. निघालं काय, तर लोखंडी दगड, जुने खिळे, शिशाचे छर्रे, आणि बऱ्याच खड्ड्यांत नुसती तांबडी माती. संध्याकाळी आण्णा कमरेवर हात ठेवून म्हणाले, “आगं पोरी, ह्ये यंतर मातीलाच सोनं म्हणतंय.”

त्यांनी एका वाक्यात दोष नेमका सांगितला. तुमचं मशीन व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) पद्धतीचं आहे. ते अखंड लहर सोडतं आणि त्याच वेळी परत येणारी लहर ऐकतं, त्यामुळे इथल्या जमिनीतल्या लोहखनिजाचा आवाज सोन्याच्या आवाजात मिसळतो. या भागात अनुभवी लोक वापरतात ती पल्स इंडक्शन पद्धतीची मशीनं. ती विजेचा ठोका सोडतात, थांबतात आणि मग ऐकतात. तोवर मातीचा आवाज बराचसा ओसरलेला असतो. व्हीएलएफ मशीन वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. सौम्य जमिनीत, बागेत, कोरड्या वाळूत नाणी शोधायला ते चांगलंच. पण मी बागेचं विचारलं नव्हतं, वेडरबर्नचं विचारलं होतं. आणि हा फरक तुमच्या विक्रेत्यांना ठाऊक असणारच, कारण माझी तक्रार गेल्याबरोबर तुमच्याकडून आणखी सहा हजार डॉलर भरून पल्स इंडक्शन मशीन घेण्याचा सल्ला आला.

सराव कमी पडतो का, याचीही खात्री करून घेतली. चौथ्या फेरीला वेडरबर्नजवळ एक वयस्कर गृहस्थ भेटले, तीसेक वर्षं हेच करणारे. त्यांनी स्वतःचा ०.८ ग्रॅमचा सोन्याचा खडा प्लॅस्टिकच्या पुडीत घालून दहा सेंटिमीटर खोल पुरला. तुमचं मशीन त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं, त्यांना हवं तसं बसवलं आणि वरून फिरवलं. खड्यावर जो आवाज आला, तोच शेजारच्या रिकाम्या जमिनीवर आला. मग त्यांनी आपलं मशीन फिरवलं. हलकी गुणगुण चालू होती, खड्यावर ती अलगद चढली आणि उतरली, बाजूला पुन्हा शांत. या दोन्ही चाचण्यांचा व्हिडिओ मी तिसऱ्या मेलसोबत पाठवला होता. तो कुणी उघडून पाहिला असता तर सरावाचं उत्तर आलं नसतं.

नंतर त्यांनी तो खडा आण्णांच्या तळहातावर ठेवला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, खाचाखोचांत लाल माती अडकलेला. आण्णांनी त्यांना खुणेने विचारून खिशातला कसोटीचा दगड काढला. तो ते गावाकडून, विट्याहून बरोबर घेऊन आले होते, मला माहीतही नव्हतं. खडा दगडावर एकदाच ओढला, रेघ उन्हात धरली आणि म्हणाले, “पंच्याण्णव टंचाच्या खाली न्हाई. न गाळता!” त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते बघायला मी हा सगळा खटाटोप केला होता. फक्त तो खडा त्यांनी स्वतः काढलेला नव्हता. १२ जुलैला ते परत गेले. पुन्हा इतका लांबचा प्रवास त्यांना झेपेल असं त्यांच्या डॉक्टरांना वाटत नाही. माझे चार शनिवार-रविवार तुम्ही परत देऊ शकत नाही आणि मी ते मागतही नाही. पण नुकसान १,७३८ डॉलरचंच झालं, असं कृपया समजू नका.

तुमच्या पत्रकावर ‘हँड ऑफ फेथ’चा फोटो आहे. १९८० साली केव्हिन हिलियर यांना किंगोवरला डिटेक्टरवर सापडलेला २७ किलोचा तो खडा. गोष्ट खरी आहे, पण ती या मशीनच्या जाहिरातीत घालणं हे ग्राहकाची दिशाभूल करणं आहे. २७ किलो सोनं कुठल्याही मशीनला ऐकू येईल. माणसाला प्रत्यक्षात सापडतात ते गुंजभराचे दाणे, आणि नेमके तेच या मातीत तुमच्या मशीनला ऐकू येत नाहीत.

तुम्ही कळवलंत की माल सवलतीत घेतला होता म्हणून परतावा नाही, फार तर २० टक्के कापून क्रेडिट नोट मिळेल. ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्याप्रमाणे, ग्राहकाने विशिष्ट काम सांगून विक्रेत्याच्या सल्ल्यावर वस्तू घेतली असेल तर ती त्या कामासाठी योग्य असली पाहिजे. ती मुळातच त्या कामाची नसेल, तर परतावा की बदली हे ग्राहक ठरवतो, दुकान नाही. सवलतीने यात फरक पडत नाही, आणि ‘परतावा मिळणार नाही’ अशी पाटी लावणंही कायद्यात बसत नाही. ती पाटी तुमच्या काउंटरवर आहे, तिचा फोटो माझ्याकडे आहे.

माझी मागणी अशी : मशीन आणि कॉइलचे मिळून १,७३८ डॉलर काहीही न कापता माझ्या खात्यात जमा करावेत. पत्रकातून ‘गोल्डफील्ड्ससाठी उत्तम’ हे वाक्य काढावं, निदान कुठल्या जमिनीत हे मशीन चालत नाही ते स्पष्ट छापावं, आणि परवान्याची माहिती त्यात घालावी. पाडव्याच्या त्या स्टॉलवर माझ्या मागे आणखी दोन कुटुंबं रांगेत होती. त्यांनीही हेच मशीन घेतलं असेल तर त्यांना आपण होऊन कळवावं.

४ ऑगस्टपर्यंत लेखी उत्तर यावं. न आल्यास मी कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया या सरकारी ग्राहक विभागाकडे तक्रार नोंदवेन आणि तिथे मार्ग निघाला नाही तर व्हीकॅट या राज्याच्या न्यायाधिकरणात अर्ज करेन. अर्ज लिहून तयार आहे.

मशीन, दोन्ही कॉइल, चार्जर आणि हेडफोन पुसून मूळ खोक्यात भरून ठेवले आहेत. सोबत पावती, खरेदीपूर्वी तुमच्याकडून आलेला मेल आणि चाचणीचा व्हिडिओ पुन्हा एकदा जोडला आहे.

कळावे,
आपली ग्राहक