रेडिओलॅरियांचे वर्गीकरण आणि आतला सांगाडा

महोदय,

सूक्ष्मजीवाश्मांवरील मराठी लेखांत रेडिओलॅरिया या एकपेशीय सागरी जीवांची ओळख बहुधा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांच्या रेखाटनांतून करून दिली जाते. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश सागर-संशोधन मोहिमेच्या नमुन्यांवरील १८८७ च्या अहवालात त्यांनी सुमारे साडेतीन हजार नव्या जाती वर्णिल्या. त्या कामाचे मोल आजही मोठे आहे. मात्र चित्रांबरोबर त्यांचे मुख्यतः कवचाच्या भूमितीवर बेतलेले वर्गीकरणही जसेच्या तसे छापले जाते, हे मला गंभीर वाटते.

हेकेल यांनी केलेल्या चार गटांपैकी अकँथेरियाचा सांगाडा स्ट्रॉन्शियम सल्फेटचा असतो आणि तो समुद्राच्या पाण्यात विरघळून जातो, म्हणून त्याचे जीवाश्म सापडत नाहीत. फिओडेरिया तर रेणवीय (जनुकांच्या तुलनेतून मिळालेल्या) पुराव्यानंतर रेडिओलॅरियांतून वेगळाच काढला गेला आहे. स्पुमेलेरिया आणि नॅसेलेरिया यांचे सांगाडे सिलिकेचे असल्यामुळे ते चर्ट या कठीण, सिलिकायुक्त गाळाच्या खडकात टिकतात. पहिल्यात एकात एक बसवलेली जाळीदार गोल कवचे आढळतात, तर दुसऱ्यात टोपीसारख्या कवचाच्या माथ्यात मूळ कंटिका (सुईसारख्या काट्यांची रचना) असते. खरी अडचण पुराजीव महाकल्पातील (सुमारे ५४ ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) गोल कवचांची आहे. बाहेरून ती स्पुमेलेरियासारखीच दिसतात, पण फोडून पाहिल्यास अनेकांच्या आत कंटिका सापडते आणि अशांना एंटॅक्टिनेरिया या निराळ्या गटात ठेवले जाते. त्याच महाकल्पातील अल्बायलेलेरियांत तीन दंडांची त्रिकोणी चौकट व द्विपार्श्व सममिती (डावी-उजवी बाजू सारखी) दिसते. हेकेल यांच्या योजनेत या गटाला जागाच नव्हती, कारण त्याची ओळख विसाव्या शतकात पटली.

कोणत्या काळातले सांगाडे सापडतात हे या तपशिलांवरून ओळखता येते आणि त्यावर खडकांचे वय ठरते. हायड्रोफ्लोरिक आम्लाने चर्ट कोरून सांगाडे मोकळे करण्याची रीत १९७० नंतर रूढ झाली, तेव्हा पुराजीव मानलेले जपानमधील कित्येक चर्टथर प्रत्यक्षात त्यानंतरच्या ट्रायासिक व ज्युरासिक काळातील असल्याचे उघड झाले आणि त्या बेटांच्या घडणीचा इतिहास नव्याने मांडावा लागला.

दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हिंदी महासागराच्या तळावरील गाळातील रेडिओलॅरियांवर काम झालेले असल्याने अशा लेखांसाठी जाणकार शोधायला दूर जावे लागणार नाही. हेकेल यांची चित्रे अवश्य छापावीत, पण त्यांच्याशेजारी फुटलेल्या कवचाचे, आतली कंटिका दाखवणारे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील छायाचित्रही द्यावे, ही विनंती.

आपला,
भूविज्ञानाचा एक निवृत्त अध्यापक, पुणे