चार्जर खोक्यात नसतो

नागपूर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. आम्ही सर्व खुशाल. आईचे गुडघे जसे होते तसेच आहेत. माझा फोन अखेर गेला, आणि ही बातमी तुझ्याखेरीज कोणाला सांगण्यात अर्थ नाही. तू आत्ता गालातल्या गालात हसत असशील. हस, पण पुढचे वाच.

गेला म्हणजे बंद पडला नाही. मागचे झाकण एका कडेने उचलले गेले आणि टेबलावर ठेवला की तो भोवऱ्यासारखा गरगरू लागला. सीताबर्डीतल्या मोदी नंबर तीनच्या गल्लीतल्या दुकानदाराने तो हातात घेतला न घेतला तोच बाजूला ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, बॅटरी फुगली. आता चार्जिंगला लावू नका अन् दाबूही नका." लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की आत वायू साठतो, आणि उष्णतेने ते काम लवकर होते; मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा गाडीच्या डिकीत पडून राहणाऱ्या फोनने दुसरे काय करावे? मूळ कंपनीची बॅटरी आता मिळत नाही. जी मिळते तिच्यावरचे नाव तेवढे कंपनीचे असते. सुरक्षा अपडेट तर केव्हाच थांबले होते. अंबाझरी तलावाच्या बांधावर तू "फोन म्हणजे तुझे कुलदैवत आहे का?" असे विचारले होतेस, ते मी विसरलेलो नाही. चालती वस्तू टाकणे हा उधळेपणा आहे, हे माझे मत आजही कायम आहे. ती चालेनाशी झाली, म्हणून नवी घेतली.

फोन घ्यायला अर्धा तासही लागला नाही. खरी पायपीट त्यानंतर सुरू झाली, कारण नव्या खोक्यात चार्जर नव्हता, फोनला इअरफोनचे भोक नव्हते आणि मेमरी कार्डाची जागाही नव्हती. बर्डीच्या फूटपाथवर 65 वॉटचा अडॅप्टर 250 रुपयांना मिळत होता, पण त्यावर बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, खुणेसोबत असावा लागणारा 'आर' अक्षराचा आठ अंकी क्रमांक कोठेच नव्हता. दुसऱ्या ठिकाणी तो होता. मी भर उन्हात उभा राहून बीआयएस केअर या ॲपमध्ये तो घातला, तर तो एलईडी दिव्याचा निघाला! तिसऱ्या दुकानात जुळला. पैसे दुपटीहून जास्त गेले, पण घराला आग लागण्यापेक्षा ते बरे. केबल घेताना डेटा जातो का, हेही विचारावे लागते, कारण स्वस्तातल्या कित्येक केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. स्क्रीनवर लावायच्या काचेच्या पाकिटावरचे '9एच' हे पेन्सिलीच्या कठीणपणाचे माप आहे, खिशातल्या वाळूने ओरखडे पडतील की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून सर्वांत स्वस्त काच लावून घेतली.

आता तू दिलेल्या इअरफोनविषयी. ते वायरचे आहेत आणि मी ते सोडणार नाही. चार्जिंगच्या टाइप-सी भोकाला जोडायचा छोटा कनेक्टर 'शंभर टक्के चालतो' म्हणून दुकानदाराने हाती दिला, मी कानात घालून आपले ते गाणे लावले, आणि ते कानाऐवजी दुकानभर वाजू लागले. दोन कॉलेजकुमारी वळून पाहू लागल्या. त्या कनेक्टरात नुसत्या तारा असतात, आवाज फोननेच द्यावा लागतो, आणि माझा फोन तो देत नाही. मग त्याने ड्रॉवरमधून दुसरा काढला. दिसायला जुळा भाऊ, पण त्यात अंकांचा आवाज करणारी डॅक नावाची चिप असते. पाकिटावर त्याचा उल्लेख नव्हता. लावून पाहणे एवढाच उपाय.

अडचण एकच उरली आहे. भोक एकच असल्याने गाणी ऐकताना चार्जिंग होत नाही, आणि रात्रीच्या गाडीत मला दोन्ही लागतात. तू ब्लूटूथचे बोंडे वापरतोस. त्यांच्या इवल्याशा बॅटऱ्या किती वर्षे टिकल्या आणि नंतर बदलता आल्या का, हे खरे खरे कळव. फुशारकी नको.

तुझी बदली झाल्याचे कळले, अभिनंदन. मुलीचा निकाल काय लागला? वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक

ता. क. मायक्रो यूएसबी केबलींनी भरलेला एक डबा पडून आहे. हवा असल्यास कुरिअरचा खर्च तुझा.